चार बोटं खाली

त्या हॉस्पिटलात तिला नावाने हाक मारणारं कुणी उरलंच नव्हतं. नव्या परिचारिका तिला स्टूलताई म्हणत. जुने डॉक्टर स्टूलवाल्या मॅडम म्हणत. आणि रक्ततपासणीच्या खोलीतल्या मावशी, ज्यांनी हॉस्पिटलातले निम्मे डॉक्टर शिकाऊ असताना पाहिले होते आणि म्हणून कुणालाच अहोजाहो करत नसत, त्या नुसतं "अगं ए" म्हणत. तिला तिन्ही हाका चालत. हाक आली की ती टेबलाखालचं स्टूल ओढायची, टोपली घ्यावी तसं कोपरात अडकवायची आणि चालू लागायची.

तिचं काम कॉम्प्युटरचं. माणूस हॉस्पिटलाच्या दारातून आत आला की बरा होऊन बाहेर पडेपर्यंत त्याच्याबद्दल जे जे लिहिलं जातं, त्याची खाट, त्याचं रक्त, त्याच्या गोळ्या, ते सगळं एका प्रोग्राममध्ये साठतं. तो प्रोग्राम तिने आणि तिच्या तीन सोबत्यांनी मिळून लिहिलेला, आणि चौदा वर्षं तेच चौघं त्याची डागडुजी करत आलेले. त्यांची खोली पहिल्या मजल्यावर, व्हरांड्याच्या टोकाला. पूर्वी तिथे चादरींचं कोठार होतं. हवा दमट झाली की भिंतींना अजून साबणाचा वास सुटायचा, आणि तो वास आला की तिला उगाचच वाटायचं, आपणही कुणाचं तरी अंथरूण स्वच्छ ठेवण्याच्याच कामाला आहोत.

सोबती हुशार होते. तक्रार आली की फोन उचलत, "बंद करून परत चालू करा" म्हणत, आणि दहातल्या सात वेळा तेवढ्याने भागायचंही. ती मात्र उठून जायची. ज्याची तक्रार त्याच्या शेजारी स्टूल टेकवायचं, बसायचं, हात मांडीवर ठेवायचे आणि गप्प राहायचं. पहिली दहा मिनिटं समोरचा माणूस अवघडतो. पाहुणा बसलेला असताना जेवावं तसं नीटनेटकं काम करतो. मग हळूहळू विसरतो, आणि तिथून त्याचं खरं काम सुरू होतं. कुठे बोट अडतं, कुठे मान वाकडी होते, कुठे तो जीभ चावतो, कुठे ओठातल्या ओठात कुणाचा तरी उद्धार करतो. तो उद्धार बहुतेक वेळा तिच्याच प्रोग्रामचा असायचा. ती ऐकून घ्यायची.

आता हे स्टूल आलं कुठून ते सांगायला हवं.

नोकरीच्या पहिल्याच वर्षी तिने एक मोठी हुशारी केली होती. कुणाचं रक्त घ्यायचं त्याची यादी रोज सकाळी छापली जायची, आणि त्या यादीत प्रत्येक नावाखाली एक ओळ रिकामी सुटायची. तिला वाटलं, जुन्या हाती यादीवरून चालत आलेली ही चूक. कागद फुकट जातोय. तिने ती ओळ काढून टाकली. यादी निम्मी झाली, शाबासकी मिळाली, आणि तिसऱ्या दिवशी मावशी हातात यादी घेऊन जिना चढून आल्या.

"ओळ कुणी खाल्ली?"

"मावशी, ती रिकामीच होती ना."

"रिकामी तुझ्या मशीनमध्ये. माझ्याकडे ती भरते."

ती भरायची पेन्सिलीने. 'डाव्या हाताला सूज, उजव्यातून घ्या.' 'लहान मूल, बारीक सुई.' 'ऐकू कमी येतं, पुढून बोला.' ओळ गेल्यावर परिचारिकांनी तेच सगळं दोन नावांच्या फटीत कोंबायला सुरुवात केली, आणि एका आजोबांच्या हाताची सूचना त्यांच्या खालच्या नावाला चिकटली. आजोबांच्या सुजलेल्या हातात तीनदा सुई गेली.

ती वॉर्डात जाऊन आजोबांना भेटली. तळव्याएवढा निळा डाग होता. ती त्या डागाकडे बघत राहिली, तेव्हा आजोबाच म्हणाले, "जाऊ दे गं पोरी. सुईला कुठे डोळे असतात?"

दुपारच्या आत ओळ परत आली. पण तो निळा डाग घेऊनच ती घरी पोचली. सासरे सुतार. अंगणात पटाशीला धार लावत बसले होते. तिने सगळं सांगितलं. त्यांनी धार पुरी केली, अंगठ्यावर पाहिली, आणि मग म्हणाले, "सूनबाई, मी कपाट करायला कुणाच्या घरी गेलो की आधी तिथे चहा पितो. फुकटचा मिळतो म्हणून नाही. बाई साखरेचा डबा कुठल्या हाताने काढते ते बघतो. डावखुरी असली तर दार उलट्या बाजूला लागतं. विचारून कळत नाही ते. तिला स्वतःलाच ठाऊक नसतं."

आठ दिवसांनी त्यांनी तीन पायांचं एक स्टूल तिच्यापुढे ठेवलं. ती बसून बघू लागली तर गुडघे वर आले.

"बाबा, बुटकं झालं हो."

"झालं नाही, केलंय. खुर्चीपेक्षा चार बोटं खाली. तुझे डोळे त्यांच्या डोळ्यांच्या वर राहिले तर त्यांना वाटणार तपासणी आली. शेजारी उभी राहिलीस तर वाटणार घाई आहे. खाली बस, म्हणजे विसरतील."

ते स्टूल चौदा वर्षं झिजून झिजून मधोमध खोलगट झालं होतं. त्या खोलगटपणाचा तिला मनातून अभिमान होता. तो कुणाला सांगण्यासारखा नव्हता एवढंच.

आणि आता ते स्टूल तिच्याकडे राहतं की जातं, असा प्रसंग आला होता.

सोमवारी नवे विभागप्रमुख रुजू झाले. उंच, शिडशिडीत, शर्टाच्या बाह्या कायम कोपरापर्यंत दुमडलेल्या. माणूस वाईट नव्हता. आल्या आल्या त्यांनी चौघांना बसवून घेतलं आणि भिंतीवर एक आलेख दाखवला. कुणाला तक्रार असेल तर त्याने कॉम्प्युटरवर तिकीट टाकायचं, विभागाने ते सोडवून बंद करायचं, अशी पद्धत दोन वर्षांपासून होतीच. कुणी किती तिकिटं बंद केली त्याचे चार उभे रकाने आलेखात होते. तीन ताडमाड. चौथा, तिचा, स्टुलाएवढा.

"मॅडम, मला तुमच्या कामाबद्दल शंका नाही," साहेब म्हणाले, आणि पुढचं वाक्य कुठलं येणार ते सगळ्यांना कळलं. "पण एका तिकिटासाठी तुम्ही अर्धा दिवस वॉर्डात बसता. पुढच्या सोमवारपासून कुणी जागा सोडायची नाही. सगळं टेबलावरून."

तिने मान हलवली. जाता जाता साहेबांनी आणखी एक काम दिलं. एक फॉर्म. तुम्ही तुमच्या नोकरीत किती समाधानी आहात, वीस प्रश्न, प्रत्येकाला एक ते पाच गुण. निनावी. दोन दिवसांत भरून द्यायचा.

त्याच दुपारी धाकट्या भावाचा फोन आला. तो एका मोठ्या कंपनीत होता. त्यांची कंपनी दोनशे हॉस्पिटलांसाठी प्रोग्राम बनवत होती.

"ताई, नोकरीचं पत्र आलंय बघ तुझ्या नावाचं. मुलाखत वगैरे काही नाही, मी सगळं सांगून ठेवलंय. शुक्रवारी पाचच्या आत फक्त होय लिहून पाठव. किती दिवस त्या चादरींच्या गोठ्यात बसणार?"

"चादरींचा गोठा नसतो रे. कोठार असतं."

"तेच. इथे काचेची इमारत आहे. अकरावा मजला. तुझं काम दोनशे ठिकाणी जाईल."

"आणि मी कुठे जाईन?"

"म्हणजे?"

"वापरणारी माणसं बघायला."

भाऊ हसला. "माणसं कशाला बघायचीत? त्यांच्या अडचणी लिहून येतात की. वेगळी टीम आहे त्याला." मग लहानपणी सायकलवर तिच्या मागे बसून विचारायचा तसं विचारलं, "खरं सांग ताई, तुला नक्की मिळतं काय गं तिथे?"

तिने उलट विचारलं, "तुमच्याकडे तो समाधानाचा फॉर्म असतो का रे?"

"दर सहा महिन्यांनी. सगळीकडे तीन टाकायचे. पाच टाकले तर त्यांना वाटतं याला काही द्यायची गरज नाही. एक टाकला तर बोलावून घेतात, विचारतात घरी सगळं ठीक आहे ना."

"आणि खरं काय असतं?"

"तीनच असेल," तो म्हणाला. "तू शुक्रवार विसरू नकोस."

संध्याकाळी तिने घरी दोन्ही गोष्टी सांगितल्या. नवरा शाळेत विज्ञान शिकवायचा. तो म्हणाला, "तुझ्या मनात असेल तसं कर, मी स्वयंपाक दोन्हीकडे करीन." सासऱ्यांनी विचारलं एवढंच, "टेबलावरूनच करायचं म्हणतात?"

"हो बाबा."

"मग स्टूल घरी घेऊन ये. तिथे नको टाकून येऊस."

हे तिला लागलं. कारण ते चिडून बोलले असते तर ठीक होतं. ते हत्यार परत मागितल्यासारखं बोलले.

मंगळवारी तिने फॉर्म उघडला. वरचे एकोणीस प्रश्न तिने भावाच्या शिकवणीप्रमाणे तीन तीन देऊन संपवले. विसावा प्रश्न मात्र वेगळा निघाला. 'तुम्हाला कामात सर्वाधिक समाधान कशामुळे मिळते?' खाली चौकोन. पगार. बढती. सोयीसुविधा. सहकारी. इतर.

ती बराच वेळ बघत बसली. पगार बरा होता. सहकारी चांगले होते. खोटं काहीच नव्हतं. पण त्यातल्या कशासाठी ती चौदा वर्षं जिने चढली-उतरली नव्हती. मग कशासाठी?

तिला माहीत होतं. पण ते इतकं छोटं होतं की लिहायची लाज वाटत होती. दोन-चार दिवस कुणाच्या तरी शेजारी बसून, वर येऊन, ती प्रोग्राममध्ये काहीतरी बदलायची. मग परत खाली जाऊन बसायची. तो माणूस सवयीने जिथे अडायचा तिथे येई, अडायची तयारी करी, आणि अडत नसे. बोट तसंच पुढे जाई. तेव्हा त्याच्या तोंडून एक आवाज निघे. तो कौतुकाचा नसायचा, आभाराचा तर नाहीच. त्याला स्वतःलाही तो ऐकू जात नसे. पायातला काटा निघाल्यावर पाऊल टेकताना निघतो तसा.

हं.

एवढंच. मग तो माणूस ती अडचण कधी होती हेही विसरून जाई. आणि ती स्टूल उचलून निघून येई. ते एक 'हं' तिला दिवसभर पुरायचं.

तिने 'इतर'वर खूण केली. पुढच्या रिकाम्या जागेत टाइप केलं: हं. आणि फॉर्म पाठवून दिला.

बुधवारी सकाळी साहेब तिच्या टेबलापाशी आले. हातात कागद.

"फॉर्म निनावी आहे, हे मला मान्य आहे," ते म्हणाले. "पण विभागात माणसं चार, आणि तिघांनी पगार लिहिलाय. चौथ्याने नुसतं 'हं' लिहिलंय. चुकून दाबलं गेलं का काही?"

सोबत्यांच्या तीन माना तीन पडद्यांमागे खाली गेल्या.

"चुकून नाही सर."

"मग अर्थ काय?"

"सांगता नाही येणार. ऐकवता येईल कदाचित." मग तिने धीर केला. सोमवारपासून जागा सोडायची नव्हती, म्हणजे सोडायला तीनच दिवस उरले होते. "रक्ततपासणीच्या खोलीची अकरा तिकिटं आलीत सर, दोन महिन्यांत. सगळी एकच. 'प्रोग्राम हळू चालतो.' आपण अकराही बंद केली."

"माहीत आहे. मशीन बदललं, वायर बदलली, मेमरी वाढवली."

"बारावं आज सकाळी आलंय."

साहेबांनी कपाळ चोळलं. बाराव्या तिकिटाने त्यांचा आलेख बिघडत होता, हे खरं. पण नुसतं तेवढंच नव्हतं. कुणी आपल्याला एखादी गोष्ट बारा वेळा सांगावी आणि आपल्याला ती कळू नये, हे त्यांनाही बोचलं असावं. "चला," ते म्हणाले.

तळमजल्यावरची ती खोली लांबट, अरुंद. एका भिंतीला नळ्यांची स्टँडं, दुसऱ्या भिंतीला शीतकपाटं, आणि मधे रक्त घुसळून वेगळं करणारं नवं यंत्र, ज्याची घरघर दारापर्यंत येत होती. खुर्ची एकच, तिच्यावर मावशी. बसायला दुसरं काही नव्हतं. तिने स्टूल मावशींच्या शेजारी ठेवलं आणि साहेबांकडे पाहिलं.

"मी?"

"बसा सर."

साहेब बसले. पाय इतके लांब की गुडघे थेट हनुवटीपाशी आले.

"हा टोळ कोण गं?" मावशींनी विचारलं.

"आमचे नवे साहेब आहेत मावशी."

"बरं. हात लावू नकोस रे कशाला."

साहेबांनी वही काढली. "मला सांगा, साधारण कुठल्या पायरीला प्रोग्राम हळू..."

तिने मागून त्यांच्या खांद्याला हलकेच बोट लावलं, आणि ओठांवर ठेवलं. ते गप्प झाले. त्यांना ते जड गेलं. पाच मिनिटांत त्यांनी तीनदा तोंड उघडलं आणि तीनदा मिटलं. मावशी काम करत होत्या. नळी उचलायची, तिच्यावरची काळ्या रेघांची चिठ्ठी लाल उजेडाच्या पिस्तुलापुढे धरायची, पडद्याच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत नाव उमटायचं, नळी स्टँडमध्ये ठेवायची. बारा मिनिटांनी मावशी त्यांना विसरल्या. त्या गुणगुणायला लागल्या, त्यावरून तिला कळलं.

आणि तिला दिसलं. दिसलं तसं तिच्या जिभेच्या टोकावर आलं. पण तिने ते गिळलं. तिला वाटलं, हे आपण सांगितलं तर साहेबांना एक माहिती मिळेल. त्यांचं त्यांनी पाहिलं तर डोळे मिळतील. ती भिंतीला टेकून उभी राहिली. चौदा वर्षांत तिने पुष्कळ कठीण कामं केली होती, पण तोंड मिटून घालवलेली ती सहा मिनिटं सगळ्यांत कठीण.

"दोनदा," साहेब एकदम म्हणाले. "मावशी, तुम्ही प्रत्येक नळी दोनदा दाखवता."

मावशींचं गुणगुणणं थांबलं. "मग? खात्री नको?"

"पण दुसऱ्यांदा दाखवली की पडदा विचारतो, ही नळी आधीच नोंदली आहे, परत नोंदू का? मग तुम्ही नाही म्हणता. मग परत मागे जाता. म्हणून वेळ लागतो. पहिल्यांदा नोंद झाली की पिस्तूल 'पिप' वाजतं ना?"

मावशींनी नळी उजेडात धरून उगाच पाहिली. त्यांच्या निवृत्तीला दोन वर्षं होती.

"वाजत असेल," त्या म्हणाल्या. "मला नाही ऐकू येत."

खोलीत फक्त यंत्राची घरघर. आणि तेव्हा ती भिंतीपासून पुढे झाली आणि अगदी सहज बोलली, जसं काही पहिल्यापासून तेच म्हणत होती. "कसं येईल? हे नवं यंत्र आल्यापासून इथे मलाच माझं ऐकू येत नाही."

मावशींनी तिच्याकडे पाहिलं. मग यंत्राकडे पाहिलं. "तेच म्हणते मी. मेलं दिवसभर भुंकतं."

"पण मावशी," साहेब म्हणाले, "हे तिकिटात का नाही लिहिलंत? बारा वेळा 'हळू चालतो' लिहिलंत."

"कुठे लिहू? तुमच्या त्या तिकिटात तीन चौकोन. बंद आहे. हळू आहे. छापत नाही. आता पिस्तूल बंद नाही, छापायचा संबंध नाही. 'हळू' त्यातल्या त्यात शेजारचं वाटलं." त्यांनी पुढची नळी उचलली. "तुम्हा लोकांच्या चौकोनात आम्ही मावायचं, असं आहे ना?"

ते चौकोन कुणी केले होते? तिनेच. दोन वर्षांपूर्वी, घाईत, टेबलावर बसून. रिकामी ओळ दुसऱ्यांदा तिच्याच हातून खाल्ली गेली होती. जिना चढताना ती साहेबांना म्हणाली, "सर, ते तीन चौकोन माझे." साहेब पायऱ्या मोजत असल्यासारखे चढत राहिले.

त्या दुपारी तिने अठरा ओळी लिहिल्या. नळीची नोंद झाली की सगळा पडदा क्षणभर हिरवा व्हावा, दाट रानासारखा नाही, कोवळ्या शेतासारखा, आणि मधोमध माणसाचं नाव मोठ्या अक्षरांत यावं. हिरवा रंग नेमका कुठला, याला तिला त्या अठरा ओळींपेक्षा जास्त वेळ लागला. डोळ्यांना खुपता कामा नये. आठशे वेळा दिसणार होता तो दिवसातून.

गुरुवारी अकरा वाजता ती खाली गेली. स्टूल टेकवून बसली. साहेबही आले आणि दारातच उभे राहिले. मावशींना तिने काहीच सांगितलं नाही. मावशींनी नळी पिस्तुलापुढे धरली. पडदा हिरवा झाला. मावशी थबकल्या. दुसरी नळी धरली, पडदा हिरवा झाला. हात सवयीने तीच नळी घेऊन परत पिस्तुलाकडे निघाला, अर्ध्या वाटेत थांबला, आणि जरा वेळ तसाच हवेत राहिला. मग वळला आणि नळी स्टँडमध्ये ठेवली.

"हं," मावशी म्हणाल्या.

आणि पुढची नळी उचलली.

तिने मागे वळून पाहिलं नाही. पण दारात उभ्या माणसाचा श्वास जरा अडकून सुटलेला तिला घरघरीतूनही ऐकू आला. वळली तेव्हा दार रिकामं होतं.

गुरुवारचा उरलेला दिवस साहेब दिसले नाहीत. हुकूम मागे घेतल्याचं कुणी बोललं नाही.

शुक्रवारी दहाला ती कामावर आली, पर्स ठेवली, औषधांच्या खिडकीची एक तक्रार वाचली, आणि सवयीने पायाने स्टूल ओढायला गेली. पाय रिकाम्या हवेतून फिरला.

तिने वाकून पाहिलं. टेबलाखाली स्टूल नव्हतं. सोबत्यांना विचारलं. एकाने खांदे उडवले. दुसरा म्हणाला, "सकाळी साहेब उचलून घेऊन जाताना दिसले ताई." तिसऱ्या बिचाऱ्याने तिच्यापुढे पाण्याचा ग्लास ठेवला.

तर मग सोमवारचीही वाट पाहिली नव्हती. ती सावकाश खुर्चीत बसली. डोळ्यांत पाणी आलं नाही. राग आला, आणि राग आला की ती फार व्यवस्थित व्हायची. तिने भावाच्या कंपनीचं पत्र उघडलं. उत्तराच्या जागेत 'होय' लिहिलं. अकरावा मजला, काच, दोनशे हॉस्पिटलं. बोट बटणावर नेलं. आणि तिला सासऱ्यांचा आवाज आठवला. स्टूल घरी घेऊन ये. तिथे नको टाकून येऊस.

'होय' नंतर पाठवता येणार होतं, पाचपर्यंत वेळ होता. आधी स्टूल. भंगारात गेलं असेल तर भंगारातून, पण न्यायचं घरी.

ती जिना उतरली. सफाईवाल्यांच्या खोलीत पाहिलं. मागच्या अंगणात मोडक्या खाटांच्या ढिगाऱ्यात पाहिलं. पहारेकऱ्याला विचारलं. तो म्हणाला, "स्टूल? ते तर औषधांच्या खिडकीकडे गेलं की. साहेबांच्या कडेवर."

औषधांच्या खिडकीमागे, गोळ्यांच्या उंच कपाटांच्या मधोमध, साहेब बसले होते. गुडघे हनुवटीपाशी, हात मांडीवर, वही कुठेच नाही. खिडकीवरचा औषधवाला चिठ्ठ्या बघत, गोळ्या काढत, कॉम्प्युटरशी ओठातल्या ओठात भांडत होता. त्याला साहेब तिथे असल्याचा पत्ताच नव्हता.

ती दारात थांबली. साहेबांची नजर तिच्याकडे गेली. त्यांनी हळूच बोट उचललं आणि ओठांवर ठेवलं.

ती आली तशी परत फिरली. जिना चढताना तिला हसू यायला लागलं, आणि ते व्हरांडा संपेपर्यंत थांबेना.

दुपारी साहेबांनी स्वतः स्टूल आणून टेबलाखाली सरकवलं. पाठ धरल्यासारखे वाकून उभे राहिले. "गोळीचं नाव शोधताना तो प्रत्येक वेळी मागे वळून कपाटाकडे बघतो," ते म्हणाले. "का, ते अजून कळलं नाही. सोमवारी परत बसावं लागेल." मग जरा अवघडून, "आणि तिकिटात एक चौथा चौकोन टाका मॅडम. 'कुणीतरी येऊन बघा.' नाव दुसरं सुचलं तर बदला."

"हेच बरंय सर."

"तुमचा रकाना बुटकाच दिसणार आलेखात. वरच्यांना काय सांगायचं ते मी बघतो." आणि ते गेले.

पाचला दहा मिनिटं कमी असताना तिने पत्रातलं 'होय' पुसलं आणि तिथे दोन ओळींचा नम्र नकार लिहिला. पाच मिनिटांत फोन वाजला.

"ताई, वेडी आहेस का तू? लोक रांगेत उभे आहेत या जागेसाठी."

"मग रांगेतल्याला दे की."

"निदान कारण तरी सांग. काय मिळतं तुला तिथे?"

"तू एकदा सुटी काढून ये इथे. अर्धा तास माझ्या शेजारी गप्प बस. ऐकवते."

"गप्प? मी?" भाऊ म्हणाला. पण फोन ठेवताना त्याचा आवाज नेहमीसारखा घाईचा नव्हता. "बघतो. पुढच्या महिन्यात जमेल."

घरी सासरे अंगणात होते. तिचे हात मोकळे बघून त्यांनी रंधा बाजूला ठेवला.

"स्टूल नाही आणलंस?"

"नाही बाबा. लागणार आहे तिथे. उलट आणखी एक करून द्याल का? साहेबांना हवंय."

त्यांनी तिच्याकडे नीट पाहिलं. मग उठले, भिंतीला टेकवलेल्या फळ्यांतून एक काढली, तिच्यावरून तळवा फिरवला.

"कितीएक उंच आहे तुमचा साहेब?"

तिने हात डोक्याच्या वर, जाईल तितका उंच नेऊन दाखवला.

"मग चार बोटांनी भागायचं नाही," सासरे म्हणाले, आणि कानामागची पेन्सिल काढून फळीवर खूण केली. "सहा बोटं खाली घेतो."